धोक्याचा माल आणि रस्त्यावरचा परवाना

घाटात वाहनांची रांग लागलेली असते आणि आपली मोटार नेमकी एका लांबट, गोल पाठीच्या टाकीमागे येऊन उभी राहते. टाकीच्या मागच्या बाजूस कोनावर उभा केलेला एक लाल चौकोन असतो, त्यात ज्वाळेचे चित्र असते. शेजारी एका फलकावर १२०३ असा ठळक आकडा असतो आणि त्याखाली दूरध्वनीचे दोनतीन क्रमांक. रांग हलेपर्यंत पाचदहा मिनिटे तो फलक आपल्या डोळ्यांसमोर असतो. आपण तो पाहतो, पण वाचत नाही. हा गाडीचा मालक आणि सरकार ह्यांच्यामधला व्यवहार आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती चुकीची आहे, आणि त्या फलकामागे परवान्यांची केवढी मोठी व्यवस्था उभी आहे, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

धोक्याचा माल म्हटला की आपल्या मनापुढे सुरुंगाची दारू किंवा लढाईतला दारूगोळा उभा राहतो. वस्तुतः हा माल आपल्या रोजच्या संसारात मिसळून गेलेला आहे. स्कूटरमधले पेट्रोल, शेतावरच्या पंपाचे डिझेल, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला वायू, नळाचे पाणी निर्जंतुक करणारा क्लोरीन, बर्फाच्या कारखान्यातला आणि शीतगृहातला अमोनिया, खतांच्या कारखान्यांना लागणारे गंधकाम्ल, विहीर खणताना खडक फोडणारे सुरुंग, रुग्णालयात कर्करोगावर वापरली जाणारी किरणोत्सर्गी द्रव्ये, ही सारी ह्या यादीत येतात. नळमार्ग आणि आगगाडी हा माल मोठ्या आगारापर्यंत आणून पोहोचवतात. तेथून पुढे गावोगाव तो न्यावयाचा तर रस्त्यावाचून दुसरा मार्ग नाही. आणि रस्ता म्हणजे जेथे शाळेला निघालेली मुले आहेत, बैलगाडी आहे, एसटीचा थांबा आहे, चहाची टपरी आणि तिच्यात पेटलेला स्टोव्ह आहे. हा माल रस्त्यावर आणू नका असे म्हणणे शक्य नाही; तो कोणत्या अटींवर आणावा एवढेच समाजाला ठरवता येते. ह्या अटींचे नाव परवाना.

अटी घालावयाच्या तर आधी धोक्याची जात ओळखली पाहिजे. सर्व धोकादायक पदार्थांना एकच नियम लावून भागत नाही. पेट्रोलच्या आगीला एक उपाय, तर कॅल्शियम कार्बाइडला अगदी उलटा. कार्बाइडवर पाणी ओतले की त्यातून अ‍ॅसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निघू लागतो, आणि विझवायला गेलेला माणूसच आगीला हातभार लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६ साली ह्या विषयावरच्या पहिल्या शिफारशी तयार केल्या. त्यांतून वाढत गेलेल्या पद्धतीप्रमाणे आज जगभर धोकादायक मालाचे नऊ वर्ग मानले जातात : स्फोटके, वायू, ज्वालाग्राही द्रव, ज्वालाग्राही घन पदार्थ, प्राणवायू पुरवून दुसऱ्याची आग भडकवणारे पदार्थ, विषारी व रोगसंसर्गी पदार्थ, किरणोत्सर्गी पदार्थ, दाहक पदार्थ, आणि ह्यांपैकी कशातच न बसणारे संकीर्ण पदार्थ. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र रंग व चित्र आहे. लाल म्हणजे ज्वालाग्राही, नारिंगी म्हणजे स्फोटक, पिवळा म्हणजे आग भडकवणारा, निळा म्हणजे पाणी लागताच धोकादायक होणारा, पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी. हाताची कातडी आणि धातू खाऊन टाकणारा द्रव ज्या चित्रात दाखवलेला असतो तो दाहक. शिवाय एकेका पदार्थाला चार अंकी क्रमांक दिलेला आहे. पेट्रोलचा १२०३, स्वयंपाकाच्या वायूचा १०७५, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५, गंधकाम्लाचा १८३०. चालक तामीळ बोलणारा असो की पंजाबी, आणि अपघात मराठी मुलुखात होवो की आसामात, हा आकडा सगळीकडे एकच अर्थ सांगतो.

आपल्या देशात ह्या विषयाचे कायदे संयुक्त राष्ट्रांच्याही आधीपासून आहेत. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आहे आणि पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा. दोन्ही अजून चालू आहेत. त्यांखालचे नियम मात्र काळानुसार बदलत आले. हे कायदे राबवणारे खाते १८९८ साली स्थापन झाले. आज ते पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना ह्या नावाने ओळखले जाते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे, हे मराठी माणसांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. देशात कोठेही पेट्रोलची टाकी रस्त्यावर धावत असली तरी तिच्या परवान्याचे मूळ ह्या संघटनेत असते.

पेट्रोलियम नियमांनी तेलांचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांचा आधार समजून घेण्यासारखा आहे. द्रव स्वतः जळत नाही; त्याच्यावर साचणारे बाष्प हवेत मिसळून जळते. तेव्हा कोणत्या तपमानाला द्रवावर पेट घेण्याइतके बाष्प जमते, हा खरा प्रश्न. हे तपमान २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर तो पदार्थ ‘अ’ वर्गातला. पेट्रोल ह्या वर्गात येते. २३ ते ६५ अंशांमध्ये असेल तर ‘ब’ वर्ग. रॉकेल आणि डिझेल त्यात येतात. ६५ ते ९३ अंशांमधला ‘क’ वर्ग, भट्ट्यांत जाळावयाच्या जड तेलांचा. आपल्या हवेत दुपारी तीस-चाळीस अंश तपमान ही नित्याची गोष्ट. म्हणजे उघड्यावर सांडलेले पेट्रोल आपल्याकडे दिवसाच्या कोणत्याही वेळी पेट घ्यायला तयारच असते. त्याला फक्त ठिणगी हवी असते.

एक टँकर कायदेशीरपणे रस्त्यावर यावयाचा तर त्याच्यापाशी मुख्यतः तीन प्रकारचे कागद असावे लागतात. गाडी म्हणून तिची नोंदणी, योग्यतेचा दाखला आणि माल वाहण्याची परवानगी हा पहिला. तो परिवहन कार्यालयाकडून मिळतो. गाडीवर बसवलेल्या टाकीचा परवाना हा दुसरा. तो सुरक्षा संघटनेकडून मिळतो. आणि चालकाच्या अनुज्ञप्तीवर धोकादायक माल वाहण्याची खास नोंद हा तिसरा. गाडी निर्दोष असून टाकी सदोष असू शकते, आणि दोन्ही उत्तम असून चालक अजाण असू शकतो. म्हणून हे तीन वेगळे ठेवलेले आहेत.

टाकीचा परवाना केवळ पैसे भरून मिळत नाही. टाकी बांधण्यापूर्वी तिचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि बांधणारा कारखानाही मान्यताप्राप्त असावा लागतो. बांधून झाल्यावर तिची गळतीची चाचणी होते आणि मगच परवाना दिला जातो. तो परवाना किंवा त्याची प्रमाणित प्रत गाडीत ठेवावी लागते. आराखड्यात काय काय पाहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कागदाचे मोल कळते.

टाकी काठोकाठ भरावयाची नाही, असा नियम आहे. पेट्रोलसाठी शंभरात सुमारे तीन भाग जागा मोकळी सोडावी लागते. ह्याचे कारण साधे आहे. बारा हजार लिटर पेट्रोल पहाटेच्या गारव्यात भरले आणि दुपारपर्यंत त्याचे तपमान वीस अंशांनी वाढले, तर ते सुमारे सव्वादोनशे लिटरांनी फुगते. तेवढ्याला जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येईल. उलट टाकी अर्धवट रिकामी असली तर दुसरे संकट असते. वळणावर आतला द्रव एका बाजूला धावतो आणि त्या धक्क्याने गाडी कलंडते. भरलेली घागर डोक्यावर स्थिर राहते, अर्धी घागर हिंदकळते, हे पाणी भरणाऱ्या बायकांना ठाऊकच आहे. ह्यासाठी टाकीचे आत कप्पे पाडतात आणि आडवे पडदे बसवतात, म्हणजे द्रवाला धावायला मैदान मिळत नाही आणि एक कप्पा फुटला तरी बाकीचा माल शाबूत राहतो.

त्यानंतर येतो ठिणगीचा बंदोबस्त. इंजिनाचा धूर सोडणाऱ्या नळीवर ठिणगीरोधक जाळी बसवावी लागते. बॅटरीचा प्रवाह एका खटक्याने तोडता यावा, विजेच्या तारा घासून उघड्या पडू नयेत, हाताशी आग विझवण्याचे साधन असावे, गाडीत प्रवासी किंवा दुसरा पेटणारा माल घेऊ नये, अशा अटी असतात. परंतु सर्वांत दुर्लक्षित ठिणगी डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणाने उडते. पेट्रोल नळीतून वेगाने वाहू लागले म्हणजे घर्षणाने त्यात स्थिर विद्युत् साचते. टाकी आणि जमिनीखालची साठवण ह्यांच्यामध्ये विजेची जोडणी केलेली नसेल तर तोटी जवळ नेताच ठिणगी उडू शकते. म्हणून पंपावर टँकर रिकामा करताना आधी तार जोडावयाची, मग नळी, आणि काढताना आधी नळी, मग तार, असा क्रम आहे.

आणखी एक गोष्ट ऐकणाऱ्याला उलटी वाटेल. रिकामा टँकर भरलेल्या टँकरपेक्षा पुष्कळदा अधिक धोकादायक असतो. पेट्रोलचे बाष्प हवेत शंभरात सुमारे दीड ते साडेसात भाग असेल तरच ते स्फोटक होते. भरलेल्या टाकीत द्रवावरच्या जागेत बाष्प इतके दाट असते की त्याला जळायला हवाच पुरत नाही. टाकी रिकामी झाली की आत हवा शिरते, तळाशी उरलेल्या थेंबांचे बाष्प तिच्यात मिसळते आणि नेमके ते मारक प्रमाण तयार होते. रस्त्याकडेच्या दुकानात रिकाम्या टाकीला झाळ लावायला जावे आणि दुकानच उडून जावे, ह्याचे कारण हेच. टाकी वायुमुक्त असल्याचा दाखला जाणकाराने दिल्यावाचून तिच्यावर उष्ण काम करू नये, असा नियम ह्यासाठीच आहे.

स्वयंपाकाचा वायू नेणारा टँकर ह्याहून निराळा. त्यातली टाकी म्हणजे दाबाखालचे जाड पोलादी पात्र असते. वायूवर दाब देऊन त्याचा द्रव केलेला असतो. तो बाहेर पडला की एका लिटरचे सुमारे अडीचशे लिटर होतात. द्रवरूपात असताना हा पदार्थ पेट्रोलपेक्षाही पुष्कळ अधिक फुगतो, म्हणून पात्र सुमारे ८५ टक्क्यांपर्यंतच भरतात. त्यावर दाब वाढल्यास आपोआप उघडणारी झडप असते, आणि नळी तुटून वायू अतोनात वेगाने बाहेर धावू लागला तर आपोआप मिटणारी झडप असते. ह्या पात्रांसाठी वेगळे नियम आहेत. ते पहिल्याने १९८१ साली झाले आणि २०१६ साली नव्याने केले गेले. पात्राची पाण्याच्या दाबाखाली दर पाच वर्षांनी परीक्षा घ्यावी लागते. स्फोटके वाहणाऱ्या गाड्यांना २००८ च्या स्फोटक नियमांखाली आणखी वेगळा परवाना लागतो, आणि किरणोत्सर्गी द्रव्यांच्या वाहतुकीवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व अटींचा हेतू माल आत राहावा हा आहे. परंतु एखाद्या दिवशी माल बाहेर येणारच, हे गृहीत धरून काही अटी असावयास हव्यात, ही जाणीव आपल्या मोटार कायद्यात उशिरा आली. १९८८ चा मोटारवाहन कायदा आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम ह्यांनी तिला रूप दिले. ह्या नियमांनी जबाबदारी तिघांवर वाटून दिली आहे. माल पाठवणाऱ्याने गाडीची कागदपत्रे तपासावीत आणि मालाच्या धोक्याची पूर्ण माहिती मालकाला द्यावी. मालकाने गाडी त्या मालाला योग्य आहे की नाही हे पाहावे, सुरक्षेची साधने व प्रथमोपचाराची पेटी पुरवावी, आणि माहिती चालकाला समजली आहे ह्याची खात्री करून घ्यावी. चालकाने ती लेखी माहिती आपल्या बैठकीपाशी ठेवावी, गाडी धोका नसलेल्या जागीच उभी करावी आणि ती कधीही बेवारशी सोडू नये. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला ताबडतोब कळवावे. गाडीचा वेग व धावण्याचा काळ नोंदवणारे यंत्रही ह्या नियमांनी आवश्यक केले. आणि २०२२ च्या अधिसूचनेने अशा मोठ्या मालमोटारींवर, त्या कोठे आहेत हे दुरून कळवणारे साधनही बसवायला सांगितले.

आरंभी ज्या फलकाचा उल्लेख केला, तो ह्याच नियमांनी आणला. गाडीच्या दोन्ही बाजूंस आणि मागे तो लावावा लागतो. त्यावर मालाचे शास्त्रीय नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत, वर्गाचे चित्र किमान २५० मिलिमीटर चौरसात, आणि संकटसमयी कोणाला बोलवावे व तज्ज्ञ सल्ला कोणाकडे मागावा त्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक असावे लागतात. अक्षरांची उंचीसुद्धा कायद्याने ठरवून दिली आहे, कारण हा फलक दुरून वाचता यावा, जवळ जावे लागू नये, हाच त्याचा हेतू आहे.

चालकाविषयीची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. साध्या मालमोटारीच्या चालकाला जे लागत नाही ते ह्या चालकाला लागते. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे, आणि त्याने तीन दिवसांचा खास अभ्यासक्रम पुरा केलेला असला पाहिजे. दुसऱ्याची चूक आधीच ओळखून गाडी चालवणे, गाडीवरचे प्रगत कौशल्य आणि वाहिल्या जाणाऱ्या मालाची सुरक्षितता, असे त्याचे तीन भाग आहेत. पूर्वी ही नोंद एकच वर्ष टिकत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षे टिकते. तीन दिवस हा काळ फार मोठा नाही. पण ज्या माणसाच्या पाठीशी बारा हजार लिटर पेट्रोल आहे, त्याला आपण काय नेत आहोत एवढे तरी ठाऊक असावे, हा आग्रह त्यामागे आहे.

हा आग्रह का धरावा लागला, हे एका जुन्या अपघातावरून स्पष्ट होईल. १९८७ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २९ तारीख. पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पहाटे तीनच्या सुमारास एक पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारी मालमोटार ह्यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून काही फुटांवर जाऊन आडवा झाला. पेट्रोल गळू लागले आणि आसपास साचू लागले. तीन वाजता आग लागली नाही. चार वाजता लागली नाही. उजाडल्यावर टँकरभोवती माणसे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि भोवतालची माणसे भाजली. त्यांतली काही दगावली.

मृतांपैकी एकाच्या आईने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा हा स्फोट म्हणजे मोटारीचा अपघातच नव्हे, ती चार तासांनंतरची स्वतंत्र घटना आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, टँकर आडवा होऊन पडला तरी मोटारीचा ‘वापर’ संपत नाही. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकाच साखळीची कडी आहेत. त्या काळच्या कायद्याप्रमाणे, चूक कोणाची हे न पाहता मृत्यूबद्दल मिळणारी रक्कम पंधरा हजार रुपये होती. तेवढ्यासाठी त्या बाईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण लढवावे लागले.

ह्या निर्णयाचे कायद्यातले महत्त्व कायदेपंडित सांगतील. मला त्यातले चार तास विसरता येत नाहीत. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ते वर उडून जात नाही, गटारातून आणि खाचखळग्यातून जमिनीलगत पसरत जाते. जमलेल्या माणसांना पेट्रोलचा वास येत असणार, पण ते आपल्या पायांशी किती दूरवर पसरले आहे हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. टाकी बांधणाऱ्याने, भरणाऱ्याने, तपासणाऱ्याने जे ज्ञान वापरले होते, ते त्या चार तासांत त्या माणसांपर्यंत पोहोचले नाही. १९८९ च्या नियमांतला फलक, चालकाचा अभ्यासक्रम आणि पोलिसांना कळवण्याची सक्ती ह्यांचे प्रयोजन अशा तासांसाठी आहे.

वायूच्या बाबतीत इतका अवधीही मिळत नाही. २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री केरळात कण्णूरजवळ चाला येथे स्वयंपाकाच्या वायूचा टँकर रस्तादुभाजकावर आदळून उलटला. पसरलेल्या वायूने थोड्याच वेळात पेट घेतला आणि रस्त्याकडेच्या घरांतली माणसे सापडली. वीस जण मृत्युमुखी पडले. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या वायूच्या टँकरला मालमोटारीची धडक बसली, टाकीच्या तोट्या तुटल्या, आणि वायूचा ढग महामार्गावरच्या रांगेवर पसरून पेटला. तीसहून अधिक वाहने जळाली आणि वीसच्या आसपास माणसे गेली. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ रासायनिक द्रवाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि खालून जाणारी माणसेही त्याला बळी पडली. ह्यांतल्या बहुतेकांनी त्या टँकरशी कोणताही व्यवहार केलेला नव्हता. त्यांनी परवाना मागितला नव्हता, पाहिला नव्हता. तरी तो ज्यांच्यासाठी दिला गेला होता ती हीच माणसे.

म्हणून सामान्य माणसाने दोनचार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नये. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला आणि उंचवट्यावर सरकावे. ओढ्यात किंवा खोलगट जागी थांबू नये. आपल्या मोटारीचे इंजिन बंद असेल तर ते सुरू करू नये, काडी ओढू नये, मोबाइल तेथे वापरू नये. दूर गेल्यावर ११२ ह्या क्रमांकावर जागा सांगावी आणि फलकावरचा चार अंकी क्रमांक दुरून वाचता आला असेल तर तोही सांगावा. त्या चार अंकांवरून अग्निशामक दलाला फेस न्यावयाचा, पाणी न्यावयाचे की श्वसनाची उपकरणे न्यावयाची हे निघण्यापूर्वीच ठरवता येते. पेट्रोलच्या टँकरावर ह्या क्रमांकाबरोबर ‘३ वाय ई’ अशी खूणही पुष्कळदा असते. तिच्यातला तीन म्हणजे फेस वापरा, आणि शेवटचे ‘ई’ हे अक्षर म्हणजे आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत पेट्रोलचा टँकर पेटला असता सर्व बाजूंना ८०० मीटर आणि वायूचा पेटला असता १६०० मीटर अंतर राखायला सांगितले आहे. आपल्याकडे बघ्यांचा घोळका किती अंतरावर उभा असतो, हे मी सांगावयास नको. आणि सांडलेले तेल भांड्यांत भरून घरी नेण्याचा मोह कितीही गरजेपोटी असला तरी त्याची किंमत हातातल्या डब्याएवढी राहत नाही.

परवान्याची ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही. कार्यालयात कागद नूतन होतो, पण उन्हापावसात फलकाचा रंग उडून गेलेला असतो. कित्येक ठिकाणी टाकीत माल बदलतो आणि फलक मात्र जुनाच राहतो. हा तर फलक नसण्यापेक्षाही वाईट प्रकार, कारण तो विझवणाऱ्यांना चुकीची वाट दाखवतो. फलकावर दिलेला दूरध्वनी रात्री दोन वाजता कोणी उचलतो की नाही, ह्याची चाचणी कोण घेतो? मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. वेळेत माल पोहोचला नाही तर भाडे कापणारा व्यवहार त्याच चालकाला रात्रभर जागवतो. तीन दिवसांत शिकलेली सावधगिरी झोपेपुढे टिकत नाही. ह्या गोष्टी टाकीच्या आराखड्यात दिसत नाहीत, पण अपघाताच्या चौकशीत हटकून दिसतात. माल पाठवणारा, मालक आणि तपासणारा अधिकारी ह्यांनी जर कागदाबरोबर एवढे पाहिले, चालकाला विसावा मिळाला का, फलक वाचता येतो का, दूरध्वनी लागतो का, तर नवा कायदा न करताही पुष्कळ अपघात टळतील.

आणि आपल्यालाही त्यात थोडे करता येण्यासारखे आहे. पुन्हा कधी घाटात अशा टाकीमागे रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आला, तर मधले अंतर थोडे अधिक ठेवावे आणि तो फलक वाचावा. मोटारीत मुले असतील तर त्यांना आकडा विचारावा, चित्राचा अर्थ सांगावा. अक्षरे पुसून गेली असतील तर पुढच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला तसे सांगावे. बहुधा काहीच होणार नाही. रांग हलेल, टँकर आपल्या वाटेने जाईल आणि संध्याकाळपर्यंत कोठल्या तरी गावच्या पंपात तेल उतरवून परत फिरेल. रोज असेच होत राहावे, एवढ्याचसाठी हा सारा परवान्यांचा खटाटोप आहे.